मातांचा त्राता : इग्नाझ सेमेलवाइस

बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असे आपल्याकडे म्हटले जाते. मूल जन्माला आले, त्याने टाहो फोडला, की घरातील पुरुषमंडळी सुटकेचा नि:श्वास टाकतात. घरातील वडीलधाऱ्या बायकांना मात्र एवढ्यावर समाधान नसते. त्यांचे लक्ष बाळंतिणीकडे असते. तिच्या कपाळाला हात लावून ताप पाहायचा, अंगावरून किती जाते याची चौकशी करायची, पोट दुखते का, दूध उतरले का, झोप लागते का, हे सव्वा महिना चालते. बाळाच्या पाचवीची किंवा सटीची पूजा अनेक घरांत आजही होते. त्या पूजेत आनंद असतो, तशी जुनी भीतीही दडलेली असावी. पहिल्या आठवड्यात किती माता आणि बालके हातची जातात, हे मागच्या पिढ्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांना वैद्यकशास्त्रात सूतिकाकाल म्हणतात. या काळात मातेचा ताप, नाडी, रक्तदाब, रक्तस्राव, गर्भाशयाचे आकुंचन, स्तनांची स्थिती आणि मनाची अवस्था वेळोवेळी तपासावी लागते. भारतात प्रसूती रुग्णालयात झाली असली, तरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशा कार्यकर्तीने घरी येऊन माता व बालक यांची विचारपूस करावी, अशी योजना आहे. हे पुस्तक वाचणाऱ्यांपैकी काहीजणी स्वत: माता असतील, त्यांना या भेटींचा अनुभव असेल. घरात येताच ती कार्यकर्ती प्रथम साबणाने हात धुते. बाळाला स्पर्श त्यानंतर. ही साधी कृती वैद्यकात रुजावी म्हणून एका डॉक्टरने आपले सारे आयुष्य पणाला लावले. त्यांचे नाव इग्नाझ सेमेलवाइस.

सेमेलवाइस यांचा जन्म १ जुलै १८१८ रोजी हंगेरीतील बुडा या शहरात झाला. डॅन्यूब नदीच्या एका तीरावर बुडा आणि दुसऱ्या तीरावर पेस्ट अशी ही दोन शहरे होती. पुढे १८७३ मध्ये ती एक होऊन बुडापेस्ट झाले. वडील किराणा मालाचे सधन व्यापारी होते. घरात दहा भावंडे; इग्नाझ पाचवे. १८३७ मध्ये कायद्याच्या अभ्यासासाठी ते व्हिएन्नाला गेले. परंतु वर्षभरातच त्यांचे मन वैद्यकाकडे ओढले गेले आणि १८४४ मध्ये ते डॉक्टर झाले. अंतर्गत रोगांच्या विभागात त्यांना जागा मिळाली नाही, म्हणून ते प्रसूतिशास्त्राकडे वळले.

व्हिएन्नाचे सार्वजनिक रुग्णालय त्या काळी युरोपात नावाजलेले होते. त्याच्या प्रसूतिगृहाचे दोन विभाग होते. १८४० पासून पहिल्या विभागात केवळ वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, तर दुसऱ्यात केवळ सुईणी. एक दिवस पहिल्या विभागात प्रवेश, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या विभागात, असा क्रम ठरलेला होता. तेथे येणाऱ्या स्त्रिया बहुधा गरीब असत. अनेकजणी अविवाहित असत. त्यांची प्रसूती विनामूल्य होई, मुलाची सोय अनाथगृहात लागे. त्या बदल्यात विद्यार्थ्यांना आणि सुईणींना शिकण्यासाठी आपला देह तपासू देणे त्यांना भाग असे. १ जुलै १८४६ रोजी, आपल्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, सेमेलवाइस पहिल्या विभागात प्राध्यापक योहान क्लाइन यांचे साहाय्यक म्हणून रुजू झाले.

साहाय्यकाचे काम म्हणजे प्राध्यापकांच्या सकाळच्या फेरीपूर्वी प्रत्येक रुग्णाची तपासणी करून ठेवणे. ही रोजची फेरी या तरुण डॉक्टरला असह्य होऊ लागली. काल सुखरूप बाळंत झालेली, मुलाला जवळ घेऊन निजलेली एखादी तरुणी आज थंडीने कुडकुडताना आढळे. मग ताप भरे, नाडी धावू लागे, पोट फुगून त्याला हातही लावू देववत नसे. पुढे ती बरळू लागे आणि काही दिवसांत तिचा शेवट होई. आपल्याकडे ज्याला बाळंतरोग म्हणत, तोच हा सूतिकाज्वर. कित्येकदा लागोपाठच्या खाटांवरील स्त्रिया ओळीने आजारी पडत. धर्मगुरू अंतिम संस्कारासाठी येत, तेव्हा त्यांच्या पुढे चालणारा सेवक घंटा वाजवी. ती घंटा ऐकून बाकीच्या बाळंतिणींच्या अंगावर काटा येई. स्वत: सेमेलवाइसही त्या आवाजाने अस्वस्थ होत.

आकडे तर बोलके होते. १८४६ या एका वर्षात पहिल्या विभागात ४,०१० प्रसूती झाल्या आणि ४५९ माता दगावल्या. दुसऱ्या विभागात ३,७५४ प्रसूतींमागे मृत्यू होते १०५. म्हणजे एकीकडे शंभरात अकरांहून अधिक आणि दुसरीकडे तीनही नाहीत! शिवाय साथ वाढली, की पहिल्या विभागातील आजारी स्त्रियांना मुख्य रुग्णालयात हलवीत. त्यांचे मृत्यू विभागाच्या नोंदीत येतच नसत. शहरातील बायकांना हे ठाऊक होते. पहिल्या विभागाच्या दिवशी येऊन पडलेल्या स्त्रिया गुडघे टेकून, हात जोडून तेथून सोडण्याची विनवणी करीत. आणखी एक विलक्षण गोष्ट सेमेलवाइस यांच्या ध्यानात आली. रुग्णालयाच्या वाटेवर, रस्त्यातच बाळंत होऊन मग दाखल झालेल्या स्त्रियांना हा ताप क्वचितच येई. जिला कोणतीही वैद्यकीय मदत मिळाली नाही ती वाचते, आणि जिला पंडितांनी तपासले ती मरते, हे कोडे त्यांना स्वस्थ बसू देईना.

त्या काळच्या जाणकारांकडे उत्तरे पुष्कळ होती. हवेतील दूषित वाफा, ऋतुमान, गर्दी, भीती, स्त्रीची लाज. सेमेलवाइस यांनी एकेक कारण घेतले आणि पारखून पाहिले. हवा दोन्ही विभागांना सारखीच होती. गर्दी दुसऱ्या विभागात अधिक होती, कारण सगळ्यांना तेथेच जायचे असे. दुसऱ्या विभागात स्त्रियांना कुशीवर निजवून प्रसूती करीत, म्हणून पहिल्या विभागातही तसे करून पाहिले. धर्मगुरूंना विनंती करून त्यांची वाट बदलली, घंटा बंद केली. मृत्यू थांबले नाहीत. कारण शोधण्यासाठी ते रोज सकाळी शवागारात जात आणि मृत स्त्रियांचे विच्छेदन करीत. तेथून ते प्रसूतिगृहात येत. रोगाचे मूळ आपण ज्या वाटेवर शोधत आहोत, त्याच वाटेने ते आपल्या सोबत चालत येते आहे, याची त्यांना कल्पना नव्हती.

त्यापूर्वी १८४६ च्या ऑक्टोबरात त्यांना काही महिन्यांसाठी पद सोडावे लागले होते. त्या हिवाळ्यात चौकशी समितीच्या सूचनेवरून पहिल्या विभागातील विद्यार्थ्यांची संख्या बेचाळिसांवरून वीसवर आणली गेली आणि मृत्यूही उतरले. मार्च १८४७ मध्ये सेमेलवाइस मन रमवण्यासाठी व्हेनिसला जाऊन आले आणि पुन्हा रुजू झाले. परतताच त्यांच्या कानी एक दु:खद वार्ता आली. न्यायवैद्यकाचे प्राध्यापक जेकब कोलेत्श्का यांचे निधन झाले होते. शवविच्छेदन चालू असताना एका विद्यार्थ्याच्या हातातील सुरी त्यांच्या बोटाला लागली होती. जखम लहान होती. पण त्यातून विष भिनत गेले आणि काही दिवसांत ते गेले. सेमेलवाइस यांना कोलेत्श्का यांच्याविषयी फार आदर होता. शोकाच्या त्या अवस्थेत त्यांनी मित्राच्या शवविच्छेदनाचा अहवाल वाचला, आणि ते थबकले. हे वर्णन त्यांनी शेकडो वेळा लिहिले होते. बाळंतिणींच्या देहात जे दिसे, तेच या पुरुषाच्या देहात दिसले होते.

पुरुषाला बाळंतरोग कसा होईल? आणि झालाच असेल, तर तो सुरीवरील मृत देहाच्या कणांमुळे. मग बाळंतिणींना तो कोणत्या सुरीने होतो? उत्तर त्यांच्या समोर, त्यांच्याच दोन हातांवर होते. डॉक्टर आणि विद्यार्थी शवागारातून सरळ प्रसूतिगृहात येत. साबणाने हात धुतले तरी प्रेताचा वास बोटांना राहत असे. त्याच बोटांनी ते प्रसूतिवेदना सहन करणाऱ्या स्त्रीची तपासणी करीत. वार सुटून आल्यावर गर्भाशयाच्या आत जी जागा उरते, ती एका मोठ्या उघड्या जखमेसारखी असते. बोटांवरचे विष तेथे पोहोचले, की रक्तात भिनायला वेळ लागत नाही. सुईणी शवविच्छेदन करीत नसत, म्हणून दुसरा विभाग त्या मानाने सुरक्षित होता. क्लाइन यांच्या आधीचे प्राध्यापक बोएर विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी प्रेते वापरू देत नसत. त्यांच्या काळात मृत्यू शंभरी एकाच्या आसपास होते. सगळे धागे जुळले.

या शोधाचा आनंद सेमेलवाइस यांना झाला असेल का? तो होण्यासारखी स्थिती नव्हती. इतर कुणाहीपेक्षा अधिक प्रेते त्यांनी स्वत: हाताळली होती. ते परतल्यानंतरच्या एप्रिल महिन्यात पहिल्या विभागात ३१२ प्रसूतींपैकी ५७ माता दगावल्या होत्या. आपल्यामुळे किती स्त्रिया अकाली थडग्यात गेल्या हे ईश्वरालाच ठाऊक, अशी कबुली त्यांनी पुढे आपल्या ग्रंथात निर्भयपणे दिली. वैद्यकाच्या इतिहासात असे कबुलीजबाब फार थोडे आहेत.

मे १८४७ च्या मध्यात त्यांनी विभागाच्या दारात क्लोरिनच्या पाण्याचे भांडे ठेवले. प्रेताचा वास ज्याने जातो, त्याने प्रेताचे कणही जातील, असा त्यांचा तर्क होता. पुढे खर्च वाचावा म्हणून क्लोरिनयुक्त चुना, म्हणजे आपण जिला ब्लीचिंग पावडर म्हणतो ती, वापरली जाऊ लागली. हात घासून धुतल्याखेरीज कुणालाही आत प्रवेश नव्हता. विद्यार्थी कुरकुरले. त्या पाण्याने हातांची आग होई. परंतु जून महिन्यात २६८ प्रसूतींमागे ६ मृत्यू झाले आणि जुलैत २५० मागे ३. १८४८ च्या मार्च आणि ऑगस्ट या दोन महिन्यांत तर पहिल्या विभागात एकही माता दगावली नाही.

ऑक्टोबर १८४७ मधील एका घटनेने त्यांच्या विचारात भर पडली. गर्भाशयाच्या कर्करोगाने पीडित एक स्त्री प्रसूतीसाठी आली होती. तिला ओळीतील पहिली खाट मिळाली, म्हणून तपासणी तिच्यापासून सुरू होई; आणि तेथून पुढच्या खाटेकडे जाताना केवळ साबणाने हात धुतले जात. त्या वेळी बाळंत झालेल्या बारा स्त्रियांपैकी अकरा दगावल्या. केवळ प्रेतच नव्हे, जिवंत माणसाच्या शरीरातील सडलेला स्रावही तितकाच घातक असतो, हे त्यांना उमगले. तेव्हापासून दोन रुग्णांच्या मधेही क्लोरिनने हात धुण्याचा नियम झाला. आज परिचारिका एका बाळंतिणीकडून दुसरीकडे जाताना हात स्वच्छ करते, ते याच कारणाने.

इतका उघड पुरावा असताना जगाने तो लगेच का स्वीकारला नाही, असे आपल्याला वाटेल. त्वचारोगतज्ज्ञ फर्डिनांड हेब्रा, प्राध्यापक श्कोडा आणि रोकिटान्स्की हे व्हिएन्नातील मान्यवर सेमेलवाइस यांच्या पाठीशी उभे राहिले. हेब्रा यांनी या शोधावर लेखही लिहिले. परंतु ज्याने शोध लावला त्याला लेखनाचा कमालीचा कंटाळा होता. स्वत: सेमेलवाइस यांनी अनेक वर्षे काहीच प्रसिद्ध केले नाही. रोगजंतू तेव्हा कुणी पाहिलेले नव्हते, त्यामुळे हातांवरील अदृश्य कण माणूस मारतात हे सांगण्यास त्यांच्याजवळ आकड्यांवाचून दुसरे साधन नव्हते. आणि मुख्य अडचण तर मनाची होती. हा शोध मान्य करणे म्हणजे आपल्याच हातून रुग्ण मेले हे मान्य करणे. सज्जनाचे हात अस्वच्छ असूच शकत नाहीत, अशी त्या काळच्या प्रतिष्ठितांची समजूत होती. चरित्रकार बहुधा क्लाइन यांना खलपुरुष ठरवतात. ते मत्सरी होते की केवळ जुन्या वळणाचे, हे आज ठरवणे कठीण आहे. परंतु मार्च १८४९ मध्ये सेमेलवाइस यांची मुदत संपली आणि क्लाइन यांनी ती वाढवून दिली नाही, हे खरे. पुढे अध्यापनाची परवानगी मिळाली, तीही केवळ प्रतिकृतीवर शिकवण्यापुरती. ऑक्टोबर १८५० मध्ये सेमेलवाइस यांनी व्हिएन्ना सोडले. पाठीराख्या मित्रांचा निरोपही त्यांनी घेतला नाही. ते मित्र दुखावले गेले, यात नवल नाही.

पेस्ट येथील संत रोकुस रुग्णालयाच्या प्रसूतिविभागात ते प्रथम गेले, तेव्हा एक बाळंतीण नुकतीच मरण पावली होती, दुसरी मरणपंथाला लागली होती आणि आणखी चौघी गंभीर आजारी होत्या. १८५१ च्या मे महिन्यात त्यांनी हा विभाग वेतनाशिवाय चालवायला घेतला. त्यानंतरच्या काही वर्षांत तेथे ९३३ प्रसूती झाल्या आणि सूतिकाज्वराने केवळ ८ माता दगावल्या. १८५५ मध्ये ते पेस्ट विद्यापीठात प्राध्यापक झाले. तेथे वेगळीच लढाई वाट पाहत होती. एका बाळंतिणीच्या अंगाखालच्या डागाळलेल्या चादरी नीट न धुताच दुसरीच्या खाटेवर घातल्या जात. काटकसर हे त्याचे कारण. हात धुवून झाले तरी चादर मळकी असेल तर ताप येणारच, हे अधिकाऱ्यांना पटवण्यात त्यांची बरीच शक्ती खर्ची पडली.

१८५७ मध्ये त्यांचा विवाह मारिया वाइडनहोफर हिच्याशी झाला. त्यांना पाच अपत्ये झाली. पहिली दोन लहानपणीच गेली. शोधानंतर तब्बल चौदा वर्षांनी, १८६१ मध्ये, त्यांचा ग्रंथ जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. त्यातील आकडेवारी अमोल आहे. मात्र मांडणी विस्कळीत आहे आणि विरोधकांवरील हल्ल्यांनी पाने भरली आहेत. नामवंतांनी ग्रंथाकडे पाठ फिरवली, तेव्हा सेमेलवाइस यांनी त्यांना जाहीर पत्रे लिहिली आणि थेट खुनी ठरवले. ज्याने त्या ओळीने पडलेल्या खाटा पाहिल्या होत्या, त्याचा संताप समजू शकतो. पण त्या पत्रांनी एकाही प्राध्यापकाचे मत बदलले असेल, असे वाटत नाही. कदाचित शांतपणे लिहिलेल्या एका निबंधाने, तोही १८४७ मध्ये, अधिक माता वाचल्या असत्या.

१८६५ च्या सुमारास त्यांचे वागणे बदलू लागले. स्मृती दगा देऊ लागली, मन ताब्यात राहीना. जुलै महिन्याच्या अखेरीस त्यांना व्हिएन्नाला आणण्यात आले. जुने मित्र हेब्रा यांनी आपले नवे रुग्णालय दाखवतो म्हणून त्यांना नेले, ते मनोरुग्णालयात. आपण फसवले गेलो हे ध्यानात येताच त्यांनी बाहेर पडण्याचा प्रयत्न केला. तेव्हा पहारेकऱ्यांनी त्यांना मारहाण केली, असे पुढे उजेडात आलेल्या कागदपत्रांवरून दिसते. अंगावरील जखम चिघळली, तिचे विष रक्तात पसरले आणि १३ ऑगस्ट १८६५ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. ज्या प्रकारच्या रक्तदोषातून बाळंतिणींना वाचवण्यासाठी ते झगडले, त्याच प्रकारच्या दोषाने त्यांचा बळी घेतला. अंत्यविधीला मोजकीच माणसे होती.

त्याच्या आदल्याच दिवशी, १२ ऑगस्टला, ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर यांनी एका मुलाच्या मोडलेल्या पायाच्या जखमेवर कार्बोलिक आम्ल वापरले होते. लिस्टर यांना तेव्हा सेमेलवाइस हे नाव ठाऊक नव्हते. १८७९ मध्ये लुई पाश्चर यांनी पॅरिसच्या वैद्यक अकादमीत सूतिकाज्वराचे जंतू फळ्यावर काढून दाखवले. हे जंतू साखळीसारखे एकापुढे एक असतात. १९३६ मध्ये लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयात लिओनार्ड कोलब्रुक यांनी सल्फा जातीच्या औषधाने हा ताप बरा होतो हे दाखवले. पुढे प्रतिजैविके आली. तरीही बाळंतिणीला ताप भरला, अंगावरून जाणाऱ्या स्रावाला दुर्गंधी येऊ लागली किंवा ओटीपोट दुखू लागले, तर घरगुती उपायांत एक दिवसही न दवडता तिला रुग्णालयात न्यावे लागते. कारण हा रोग जगातून गेलेला नाही.

सेमेलवाइस यांच्या अस्थी प्रथम व्हिएन्नात पुरल्या गेल्या होत्या. १८९१ मध्ये त्या बुडापेस्टला आणल्या गेल्या आणि १९६४ मध्ये, ज्या घरात त्यांचा जन्म झाला त्याच घराच्या आवारात विसावल्या. ते घर आज वैद्यकाच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. १९६९ पासून बुडापेस्टच्या वैद्यकीय विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. तेथे आज जगभरातून आलेले विद्यार्थी शिकतात.